दिपालीचा सेंट

"ताई, हे ओरिजिनल आहे का?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं.

संगमनेरात स्टँडमागच्या गल्लीत माझं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, पिना, नेलपॉलिश, आणि एका काचेच्या कपाटात सेंटच्या बाटल्या. गिऱ्हाईक बाई बाटली नाकाशी धरते, डोळे मिटते, चेहरा कसा फुलून येतो. मग डोळे उघडते, किंमत विचारते, आणि अडीचशे ऐकलं की तोंड वाकडं करून म्हणते, "छान आहे, पण डुप्लिकेट ना?" म्हणजे स्वतःचं नाक हो म्हणतंय आणि ही बाई स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायला तयार नाही. पूर्वी मी हसून सोडून द्यायचे. दिपालीच्या बाबतीत जे झालं त्यानंतर हसू येत नाही.

दिपाली आमच्याच गल्लीत, थोडी दारं सोडून राहते. तिचा नवरा, कल्याण, एका डेअरीचा दुधाचा टेम्पो चालवतो. ती घरोघरी जाऊन म्हाताऱ्या-आजारी माणसांचं करते. आंघोळ घालायची, औषधं द्यायची, धरून चालवायचं, नखं कापायची. कुठला कोर्स केलेला नाही. सासू अंथरुणाला खिळली होती तिचं करता करता शिकली, आणि सासू गेल्यावर शेजारच्यांनी आपल्या आजोबांसाठी बोलावलं. तिथून नाव होत गेलं. लोक तिच्या भरवशावर घर टाकून दिवसभर बाहेर जातात. तिच्या कामात भरवसा हीच सगळी कमाई, तो गेला की काम गेलं.

तिचं माहेर पारनेरकडचं, कोरडवाहू. घराला लागूनच कांद्याची चाळ. पावसाळ्यात चाळीतला कांदा सडायला लागला की शाळेत जायच्या आधी पोरांनी बसून सडका कांदा वेगळा काढायचा. तो वास केसात बसतो, साबणाने जात नाही. वर्गातल्या मुली ओढणी नाकाला लावायच्या आणि बाईंनी हिला कायमचं दाराजवळ बसवलं होतं. दिपाली हे हसत हसत सांगते. मला ऐकताना संताप येतो. त्या बाईंच्या भाजीत कांदा नव्हता का?

पहिल्यांदा कामाचे पैसे हातात आले तेव्हा तिने माझ्याकडून सेंट घेतला, आणि तेव्हापासून कधी चुकवला नाही. मी एकदा विचारलं होतं, "रोज एवढा काय ग सेंट लागतो तुला?"

"ताई, माणसाच्या इतक्या जवळ जायाचं म्हंजे आपला वास चांगला पायजे," ती म्हणाली. "त्यास्नी आधीच लाज वाटत असती, दुसऱ्याच्या हातनं आंघूळ करायची म्हंजे. वास चांगला आला की जरा बरं वाटतंय."

घ्यायला आली की मात्र माझा काउंटर अडवून बसते. ही मनगटावर, ती कोपरावर, तिसरी ओढणीच्या टोकाला. मागे गिऱ्हाईकं ताटकळतात आणि ही दाराबाहेर जाऊन परत येते, म्हणे वारा लागल्यावर वास कसा राहतो ते बघितलं. मी तिला पुष्कळदा रागावले आहे.

दिवाळीच्या आधी तिला विष्णुपंतांचं काम लागलं. विष्णुपंत म्हणजे हायस्कुलातले जुने मास्तर, सगळे त्यांना आण्णा म्हणतात. पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन चालत होते. नजर अधू झालेली. मुलगा नोकरीला पुण्यात, शनिवार-रविवारी येणार. घरात सून प्रणिता. ती सकाळी आधी फिरायला जाते, मग क्लासमध्ये शिकवायला, ती दुपारी उशिरा परत. म्हणजे दिपाली घरात शिरायची आणि प्रणितामॅडम बाहेर पडायच्या. दोघींची गाठ दारातच पडायची.

प्रणिताच्या बहिणीने दुबईहून तिच्यासाठी एक बाटली आणली होती. बारा-पंधरा हजारांची. हे मला कसं माहीत? त्यांच्या सगळ्या कॉलनीला माहीत होतं. बाटलीचं खोकंसुद्धा तिने टाकलं नव्हतं, आरशासमोर बाटलीशेजारी उभं करून ठेवलं होतं. दिपालीला तिथून जाता-येता तो वास आवडला. त्यात गुन्हा काय? गुलाबाचं दुकान दिसलं तर माणूस वास घेतोच.

आणि एके दिवशी माझ्या कपाटातली एक बाटली उघडून ती जवळजवळ ओरडलीच, "ताई! ह्यो बगा, वहिनींच्या बाटलीसारखा!"

कंपनी कुठली तरी साधीच. आकार तसाच, नाव थोडं फिरवलेलं. असा माल पुण्याहून सगळीकडेच येतो. आता मी दुकानदार असले तरी खरं ते सांगते. वास तोच, पण टिकत नाही. सकाळी लावला तर दुपारच्या जेवणापर्यंत आहे, पुढे नाही. त्या महागाच्या बाटलीचा संध्याकाळी पदर झटकला तरी येतो. फरक एवढाच. एवढ्या फरकाला कुणी पंधरा हजार मोजत असेल तर खुशाल मोजावेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दिपालीने बाटली घेतली आणि खूश होऊन गेली.

संक्रांतीनंतर प्रणिताकडे हळदीकुंकू होतं. वाणाला लुटायचे छोटे आरसे माझ्या दुकानातून गेले होते, म्हणून मलाही बोलावणं होतं. दिपालीची सुट्टी दुपारीच झाली होती, पण संध्याकाळी बायका येणार, आण्णांकडे बघायला कुणी हवं, म्हणून ती घरी जाऊन आंघोळ करून, साडी बदलून, सेंट लावून परत आली होती. आण्णांना आत बसवून ती बायकांना तिळगूळ देत होती.

हळदीकुंकवाला आपण हातावर अत्तराचं बोट ओढतो. प्रणिताने त्या वर्षी अत्तर काढलंच नाही. तिने बहिणीची बाटली आणली आणि प्रत्येकीच्या मनगटावर स्वतःच्या हाताने एकेकदा फवारलं, किंमत सांगत सांगत. बायका "अगं बाई" म्हणत मनगटं नाकाला लावत होत्या. मग मोठ्या मनाने तिने दिपालीलाही हाक मारली, "ये ग, तुलाही लावते." आणि कुंकू लावून तिचा हात हातात घेतला.

शेजारच्या सुनीतीकाकू बाजूलाच होत्या. त्यांना मेलं प्रत्येक गोष्टीत बोलायचं असतं. "अगं प्रणिता, हिला कशाला लावतेस? ही आधीच लावून आलीय की! तोच वास येतोय हिला."

खोलीत हसू झालं. प्रणिता हसली नाही. तिने दिपालीचं मनगट नाकाशी नेलं, मग हातातली बाटली उजेडात धरली.

"तरीच मी म्हणते," ती म्हणाली, "बाटली एवढी उतरतेय कशी."

दिपालीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने हातातला तिळगुळाचा डबा खाली ठेवला. "वहिनी, म्या न्हाई हो हात लावला. ह्यो माजा सेंट हाय. ताईंच्या दुकानातनं घेतलाय. इचारा ताईस्नी."

"मीच विकलाय," मी उठून म्हणाले. "अडीचशेची बाटली आहे."

"अडीचशे रुपयांत हा वास मिळत असता तर माझी बहीण वेडी आहे का?" प्रणिता म्हणाली. "आण्णांच्या कपड्यांनाही हाच वास येतो हल्ली. मला वाटायचं, माझ्याच नाकात बसलाय. हिच्याच हाताचा तो."

सगळी गोम त्या बहिणीच्या वाक्यात होती. दिपाली खरं बोलतेय असं मानलं तर आपली बाटली काही जगावेगळी नाही हे मानावं लागणार, आणि तेही नुकतंच जिला किंमत ऐकवली त्या प्रत्येकीसमोर. त्यापेक्षा दिपालीला चोर ठरवणं तिला स्वस्त पडलं.

तिने दिपालीची पिशवी सगळ्यांसमोर उलटी केली. आत तिचा रुमाल, डबा, आण्णांच्या पायाला चोळायची मलमाची ट्यूब. "घरी ठेवली असेल भरून," असं म्हणून तिने दाराकडे बोट केलं. कपाळाला स्वतः लावलेलं कुंकू ओलं असताना त्या बाईला चोर म्हणून हाकललं, आणि वीस-पंचवीस शिकल्यासवरल्या बायका हातात वाणाचे आरसे घेऊन बघत बसल्या. मी माझा आरसा तिथेच ठेवला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी त्याच सेंटची नवी बाटली घेऊन प्रणिताच्या दारात गेले. "घ्या वास," म्हटलं. तिने घेतला. तिचा चेहरा मी नीट बघत होते. ओळख पटल्यावर चेहरा जसा होतो तसाच झाला, आणि मग तिने तो सावरला.

"हा वेगळा आहे," ती म्हणाली. "याला एक हलका वास आहे."

"एरवी दुपारी तुम्ही परत येता तेव्हा दिपालीला कधी वास आला का? हा तोवर उडून जातो. तुमचा लावला असता तर संध्याकाळपर्यंत दरवळली असती की ती!"

"तुम्ही दोघी एकाच गल्लीतल्या," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पुढे जे व्हायचं तेच झालं. कॉलनीच्या ग्रुपवर नाव न घेता मेसेज फिरला, 'घरात कामाला माणसं ठेवताना काळजी घ्या.' नाव कशाला हवं? एका आजींचं काम ठरलं होतं ते मोडलं. "सध्या गरज नाही" म्हणे. आजी अंथरुणात आणि गरज नाही! कल्याण बिचारा म्हणत होता, "जाऊ दे, दुसरीकडं बघू." पण संगमनेर केवढंसं आहे? दिपाली दुकानात आली आणि अर्धी राहिलेली बाटली काउंटरवर ठेवली.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. मला न्हाई लावायचा आता."

मला तिचा पण राग आला. "अगं तू कशाला घाबरतेस? तू काय केलंयस?"

"तसं न्हाई, ताई. वास आला की लोकं माज्याकडं बगत्यात. शाळंत बगायची तशीच." आणि ती निघून गेली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

माघ सरत आला तेव्हा अचानक प्रणिताचा दिपालीला फोन. घरी पूजा आहे, आण्णांना बसवायला-उठवायला माणूस हवं, येशील का? झाल्या प्रकाराबद्दल अक्षर नाही. दिपाली माझ्याकडे आली, म्हणाली, "आण्णांसाटी जाते. पर एकटी न्हाई जात." मी दुकान बंद केलं. आणि निघताना कपाटातून तोच सेंट काढून चांगला अंगभर फवारला. मुद्दाम. कुणाला काय बोलायचंय ते मला बोलू दे म्हटलं.

घरात बघते तर गुरुजी बसलेले, देवघरातले सगळे देव ताम्हनात काढलेले, पंचामृताचा अभिषेक चाललेला. तीर्थप्रसादाला बायका बोलावल्या होत्या, बऱ्याचशा त्याच, हळदीकुंकवाच्या. प्रणिता सगळ्यांना सांगत होती, "काही विशेष नाही, सहज अभिषेक केला."

आण्णा खुर्चीवर बसले होते. मी जवळून गेले तसं त्यांनी मान वर केली. "आली का दिपाली?"

मी थबकले. दिपाली माझ्या मागे होती. ती म्हणाली, "व्हय आण्णा, आले."

"किती दिवस कुठे होतीस? तू आलीस की मला वासावरून कळतं. माणसाचा चेहरा दिसत नाही ग आता. आणि तुझ्या त्या अत्तरानेच हा सगळा घोळ केला बघ!"

"आण्णा, राहू दे ते," प्रणिता पटकन म्हणाली. पण आण्णांना कमी ऐकू येतं, आणि आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"देवांचं अत्तर संपलं म्हणून दिवाळीपासून सांगतोय, कुणी आणेना. म्हटलं, दिपालीचं ते अत्तर देवाला लावण्याजोगं आहे, तिलाच आणायला सांगावं. तर एकदा सकाळी सूनबाई फिरायला गेली असताना तिच्या खोलीवरून जात होतो, तिथे तोच वास! बघतो तर बाटलीच. म्हटलं, घरातच आहे की. रोज पूजेला कापसाच्या बोळ्यावर घेऊन बाळकृष्णाला लावत होतो, उरलं ते माझ्या उपरण्याला. परवा सूनबाईने बघितलं तेव्हा कळलं, त्यात म्हणे स्पिरिट असतं! म्हणजे माझ्या हातून रोज देवाला दारू लागली. म्हणून हा अभिषेक. काय हो गुरुजी, झाले ना देव शुद्ध?"

गुरुजींनी मान हलवली. दिपाली खाली बघत उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

आता तरी प्रणिता बोलेल, मला वाटलं. आता तरी एखादी म्हणेल, दिपाली, आमचं चुकलं. प्रणिताने काय केलं? "प्रसाद घ्या ना सगळ्यांनी," म्हणाली आणि आत जाऊन वाट्या आणल्या. सुनीतीकाकूंचं तोंड मात्र राहीना. "अगंबाई! म्हणजे आण्णांना दोन्हींत फरकच कळला नाही म्हणायचा! कुठे मिळतो ग हा अडीचशेचा?" झालं. सगळ्या बायका सेंटबद्दल बोलायला लागल्या, किती टिकतो, साडीला डाग पडतो का. ज्या बाईची पिशवी याच खोलीत उलटी केली होती ती भिंतीला टेकून उभी, आणि तिच्याकडे बघायला एकीला फुरसत नव्हती.

देवांना चुकून थेंबभर स्पिरिट लागलं तर दूध, दही, तूप, मध, साखर. जितंजागतं माणूस जाणूनबुजून चोर ठरवलं त्याला वाटीभर प्रसाद. हे मी तिथेच बोलले, मोठ्याने. गुरुजींनी घंटा वाजवायला घेतली.

दिपाली दुसऱ्या दिवसापासून आण्णांकडे परत जायला लागली. मी तिच्याशी भांडले. "आण्णांनी सगळ्यांम्होरं सांगितलं न्हवं? लोकांस्नी कळलं," ती म्हणाली. "माजं काम मला परत मिळायला लागलंय, ताई." आणि ठेवून गेलेली अर्धी बाटली तिने परत नेली, कारण सेंट नसला तर आण्णांना ती आलेली कळत नाही. ती शांत झाली. मी झाले नाही.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी दुकानात कुणी नाही बघून प्रणिता आली. गॉगल लावलेला. पर्समधून दुबईची बाटली काढली. रिकामी. आण्णांनी तळ गाठला होता.

"ते तुमच्याकडचं आहे ना," ती हळू आवाजात म्हणाली, "ते यात भरून द्याल का?"

मी कपाटातून त्या सेंटची उरलेली शेवटची बाटली काढून काउंटरवर ठेवली.

"तुमचीच समजा. पैसेही नकोत. दिपाली रोज तुमच्याच घरी येते. त्या दिवशीच्या बायकांना बोलवा आणि त्यांच्यासमोर तिला एवढंच म्हणा, तू चोरी केली नव्हतीस, मी खोटं बोलले. तिने मला येऊन सांगितलं की बाटली घेऊन जा."

"एवढ्याशा गोष्टीचं किती ताणायचं?" ती म्हणाली. रिकामी बाटली पर्समध्ये टाकली आणि गेली.

ती बाटली मी वरच्या फळीवर, अगदी दर्शनी ठेवली आहे. नवा माल येतो-जातो, तिला कुणाला हात लावू देत नाही. रोज पुसते. दिपाली म्हणते, "इकून टाका की ताई, किती दिस ठिवता." मी विकत नाही. कॉलनीतल्या बायका येतात, बोट दाखवून विचारतात, "ती केवढ्याला?" मी प्रत्येकीला सांगते, ती विकायची नाही, प्रणितामॅडमनी ठरवून ठेवलेली आहे. त्यांना दिपालीला एक वाक्य बोलायचं राहिलंय, ते झालं की घेऊन जाणार आहेत.